भूल देण्यापूर्वी हनुवटी का मोजतात?

प्रश्न : आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. माझ्या यजमानांचे वय ५४ आहे. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, वजन जरा जास्त आहे आणि रात्री ते मोठ्याने घोरतात. पित्ताशयात खडे निघाल्यामुळे दुर्बिणीने शस्त्रक्रिया करायचे ठरले असून रक्ताचे, छातीचे, हृदयाचे सगळे रिपोर्ट चांगले आले आहेत. मात्र गेल्या आठवड्यात भूलतज्ज्ञ बाईंनी तपासले तेव्हा पोटाला हातसुद्धा लावला नाही. तोंड उघडायला लावून दातांमध्ये बोटे किती जातात ते पाहिले, जीभ बाहेर काढायला सांगितली, हनुवटीखाली माप घेतले, खालच्या दातांनी वरचा ओठ चावायला लावला आणि शेवटी नमस्कार करायला सांगितला, तेव्हा आम्हाला हसूच आले. नंतर त्या म्हणाल्या की तोंड पुरेसे उघडत नाही, त्यामुळे झोपवण्याआधी जागेपणीच नाकातून नळी घालावी लागेल, ती सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करू, आणि येताना दाढी काढून या. संमतीपत्रात गळ्याला छेद घेण्याचाही उल्लेख आहे. घरात सगळे घाबरले आहेत. धाकटे दीर म्हणतात, कमरेत इंजेक्शन देऊन करून घ्या. नणंदेचे यजमान म्हणतात, बाई नवख्या दिसतात, पुण्याला न्या. आणखी एक सांगायचे म्हणजे हे वीसेक वर्षे गुटखा आणि सुपारी खातात. सासूबाईंना ते ठाऊक नाही आणि तपासणीच्या वेळी त्या शेजारीच बसल्या होत्या, म्हणून यांनी ‘कधीमधी सुपारी’ एवढेच सांगितले. आता काय करावे?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, शस्त्रक्रिया जवळ आली आहे, म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो, बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल. भूलतज्ज्ञ बदलावा असे काहीही तुमच्या पत्रात मला दिसत नाही. ज्या डॉक्टरांनी अडचण आठवडाभर आधी ओळखली, ती तुमच्यापासून लपवली नाही आणि त्यासाठी रुग्णालय बदलण्याचा त्रासही पत्करला, त्यांना नवख्या म्हणणे अन्यायाचे होईल. दुसरी गोष्ट म्हणजे गुटख्याचे सगळे खरे त्यांना उद्याच्या उद्या सांगा. त्यासाठी यजमानांनी एकट्याने जावे किंवा फोन करावा, सासूबाईंना कळण्याची काहीच गरज नाही. रुग्णाने सांगितलेली माहिती डॉक्टर घरच्यांनाही त्याच्या परवानगीशिवाय सांगत नाहीत, हे यजमानांना आवर्जून सांगा. आमच्याकडच्या कुटुंबांत तपासणीच्या खोलीत चार-पाच माणसे एकदम शिरतात आणि त्यामुळे नेमकी महत्त्वाची माहिती तोंडातच राहते, असे मी नोकरीत असताना फार वेळा पाहिले आहे.

आता हनुवटी मोजण्याचे कारण. संपूर्ण भूल देतो तेव्हा रुग्ण केवळ झोपत नाही. जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडून श्वासाचा मार्ग बंद होऊ पाहतो, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी स्नायू शिथिल करणारे औषध दिले की श्वास पूर्णपणे थांबतो. तेथून श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत त्या माणसाचा प्रत्येक श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात असतो. झोपवण्याआधी काही मिनिटे मास्कने शुद्ध प्राणवायू देऊन फुप्फुसांत साठा करून ठेवतात. निरोगी, सडपातळ माणसाला तो साठा काही मिनिटे पुरतो. पोट सुटलेल्या माणसाला त्याहून बराच कमी वेळ, कारण आडवे झाल्यावर पोटाच्या दाबाने त्याची फुप्फुसे दबलेली असतात आणि शरीर प्राणवायू वापरतेही जास्त. मेंदूला प्राणवायूवाचून फार वेळ काढता येत नाही. म्हणून मास्कने हवा देता येईल का, नळी घालता येईल का, आणि दोन्ही जमले नाही तर गळ्यापाशी कोठून वाट काढता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्ण जागा असतानाच शोधायची असतात. बाई जे करीत होत्या ते एवढ्यासाठी होते. पोटाची तपासणी सर्जनने केलेलीच असते.

नळी घालण्याची नेहमीची रीत समजली की प्रत्येक चाचणीचा अर्थ लागेल. लॅरिंगोस्कोप म्हणजे दिवा बसवलेले, किंचित वाकडे पाते असलेले उपकरण. ते तोंडातून आत सरकवून जीभ एका बाजूला सारतात, जबड्याखालच्या मऊ भागात ती दाबून वर उचलतात, मग आत खोल स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात आणि त्यांच्या मधून नळी पुढे जाते. यासाठी पाते जाण्याइतके तोंड उघडावे लागते, जीभ सारायला हनुवटीमागे जागा लागते, खालचा जबडा पुढे सरकावा लागतो आणि मान मागे झुकावी लागते. यांतले एक कमी असेल तर इतर गोष्टी सांभाळून घेतात. दोन-तीन एकदम कमी असतील तर अनुभवी हातांनाही घाम फुटतो.

तोंडापासून सुरुवात करू, कारण तुमच्या यजमानांच्या बाबतीत खरी गोम तेथेच आहे. पूर्ण तोंड उघडल्यावर वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मावली पाहिजेत. तीन सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर आम्ही सावध होतो, आणि दोनच्या आसपास आले तर नेहमीच्या पद्धतीचा विचारच सोडतो. यजमानांची किती बोटे गेली ते तुम्ही लिहिलेले नाही. घरी आरशासमोर पाहता येईल. त्याच वेळी स्वच्छ बोट गालाच्या आतून फिरवून पाहायला सांगा. गुटखा-सुपारी वर्षानुवर्षे खाणाऱ्यांच्या गालाचे अस्तर फिकट, पांढुरके होते, बोटाला उभ्या ताठ दोऱ्यांसारखे पट्टे लागतात, तिखट खाल्ले की तोंडाची आग होते, जीभ पूर्वीसारखी बाहेर येत नाही आणि पडजीभ आखडून लहानशा कळीसारखी दिसू लागते. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतील द्रव्यांमुळे अस्तराखाली ताठ तंतू साचत जातात. तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही हे होते, म्हणून ‘मी तंबाखू खात नाही, साधा पानमसाला खातो’ हे समाधान खोटे आहे.

भूलतज्ज्ञाला ही माहिती का हवी असते? दाढ सुजल्यामुळे किंवा दुखण्यामुळे ज्याचे तोंड उघडत नाही, त्याचे तोंड भूल दिल्यावर पुष्कळदा सैल पडून उघडते, कारण तेथे स्नायू आखडलेला असतो. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये अडथळा तंतूंचा असतो. कितीही प्रभावी औषध दिले तरी ते तंतू सैल होत नाहीत. झोपवल्यावर तोंड जागेपणी उघडत होते तेवढेच उघडते. ‘कधीमधी सुपारी’ असे ऐकून एखाद्या डॉक्टरांनी ‘भीतीने तोंड कमी उघडत असेल, झोपल्यावर बघू’ असा अंदाज केला असता तर तो चुकीचा ठरला असता, आणि तो चुकल्याचे कळले असते तेव्हा रुग्णाचा श्वास थांबलेला असता. तुमच्या बाईंनी अपुऱ्या माहितीवरही योग्य निष्कर्ष काढला, हे त्यांच्या बोटांचे कौतुक. तरीही किती वर्षे, दिवसाला किती पुड्या, गेल्या वर्षभरात तोंड आणखी कमी उघडू लागले का, हे त्यांना कळायला हवे. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि असा निर्णय घेणारे ते देशातले पहिले राज्य होते; पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन लोक हातावर एकत्र करतात, तेव्हा ‘गुटखा खाता का’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर अनेक जण अगदी प्रामाणिकपणे देतात. तुमच्या यजमानांनी दोन्हींचा हिशेब द्यावा. ही अवस्था पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते, म्हणून पित्ताशयाचे काम उरकल्यावर मुखरोगतज्ज्ञांना दाखवायचेच आहे, आणि सुपारी आजपासून बंद.

जीभ बाहेर काढायला लावतात त्या तपासणीला मल्लमपती यांचे नाव आहे. शेषगिरी राव मल्लमपती हे मूळचे भारतीय, बोस्टनमध्ये काम केलेले भूलतज्ज्ञ. तोंड चांगले उघडत असूनही जीभ तुलनेने मोठी असेल तर ती घशाची मागची बाजू झाकते आणि नळी घालणे अवघड जाते, हा विचार त्यांनी १९८३ मध्ये मांडला आणि १९८५ मध्ये २१० रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. छोट्या खोलीत मोठे कपाट असावे, तशी ही स्थिती असते. त्यांनी तीन श्रेणी केल्या होत्या. चौथी १९८७ मध्ये सॅमसून आणि यंग या दोघांनी जोडली. पहिल्या श्रेणीत मऊ टाळू, संपूर्ण पडजीभ आणि दोन्ही बाजूंच्या कमानी स्पष्ट दिसतात. चौथ्या श्रेणीत फक्त कडक टाळू दिसतो. ही तपासणी रुग्णाला समोर ताठ बसवून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आपले डोळे आणून करायची असते आणि रुग्णाने ‘आ’ म्हणायचे नसते, कारण आवाज काढला की टाळू वर उचलला जातो आणि तिसऱ्या श्रेणीचा घसा दुसऱ्या श्रेणीचा वाटू लागतो. खाटेवर आडव्या पडलेल्या रुग्णाला घाईने ‘आ करा’ म्हणणारे डॉक्टर मला कधीच आवडले नाहीत.

हनुवटीखालचे माप म्हणजे मान पूर्ण मागे झुकवल्यावर हनुवटीच्या टोकापासून कंठमण्याच्या वरच्या खाचेपर्यंतचे अंतर. ते साडेसहा सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर जीभ सारायला पुढे जागा आहे असे समजतात. ओठ चावण्याची चाचणी दिसायला पोरकट असली तरी फार उपयोगी आहे. खालचे दात वरच्या ओठाची लाल कडा पूर्ण झाकत असतील तर जबडा पुढे सरकतो. ओठाला दात पोहोचतच नसतील तर ती धोक्याची खूण. अनेक अभ्यास एकत्र तपासून अशा चाचण्यांची तुलना करणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, लॅरिंगोस्कोपने स्वरयंत्र दिसणे अवघड जाईल हे आधी ओळखण्यात हीच चाचणी इतरांपेक्षा सरस ठरली.

ज्या नमस्काराला तुम्ही हसलात, तो मधुमेहासाठी होता. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की सांध्यांभोवतालचे ऊतक ताठ होत जाते. बोटांचे लहान सांधे त्याची साक्ष आधी देतात. दोन्ही तळवे जोडल्यावर बोटांच्या मध्ये फट राहत असेल, करंगळ्या एकमेकींना चिकटत नसतील, तर मानेचे वरचे सांधेही तसेच आखडले असण्याची शक्यता असते आणि मग मान मागे झुकत नाही. मान पाहताना बाई यजमानांच्या बाजूला उभ्या राहिल्या असतील, कारण समोरून पाहिले तर माणूस खांदे मागे टाकतो आणि मान झुकली असा भास होतो. एका नमस्कारातून एवढे कळते, आणि त्याला खर्च काहीच नाही.

दाढीचा संबंध मास्कशी आहे. दाढी असली की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हवा बाजूने निसटते. शिवाय आत गेलेली लहान हनुवटी दाढीखाली लपते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात मास्कने श्वास देणे अवघड जाण्याची पाच कारणे पुढे आली : ५५ पेक्षा जास्त वय, जास्त वजन, दाढी, दात नसणे आणि घोरणे. तुमच्या यजमानांकडे यांतली वजन, दाढी आणि घोरणे ही तीन आहेत, आणि त्यांतले सकाळी दहा मिनिटांत नाहीसे करता येईल असे दाढी हे एकच आहे. त्यावर वाद घालू नये, दाढी पुन्हा येते. घोरण्याविषयी मात्र बाईंना सविस्तर सांगा : झोपेत श्वास मध्येच थांबतो का, दचकून जाग येते का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का. या प्रश्नांची उत्तरे झोपणाऱ्याला देता येत नाहीत. ती तुम्हीच देऊ शकता. शर्टाच्या कॉलरपाशी मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल तर तेही कळवा.

एवढे सगळे तपासूनही अंदाज चुकतात, आणि ही बाजू मी तुमच्यापासून लपवू इच्छित नाही. डेन्मार्कमध्ये १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नळी घालणे ज्या ३,३९१ रुग्णांत खरोखर अवघड गेले, त्यांतल्या ३,१५४ जणांबाबत ते आधी लक्षातच आले नव्हते. उलट ज्या ९२९ जणांत अवघड जाईल असे वाटले होते, त्यांतल्या २२९ जणांतच ते तसे निघाले. म्हणून चांगला भूलतज्ज्ञ ‘सगळे ठीक दिसते’ या शेऱ्यावर कधी निर्धास्त राहत नाही. पहिली पद्धत फसली तर दुसरी, दुसरी फसली तर तिसरी, अशी क्रमवार तयारी प्रत्येक रुग्णासाठी ठेवतो. भारतीय भूलतज्ज्ञांच्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये आपल्याकडच्या परिस्थितीला धरून याच क्रमाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. मात्र तोंडच उघडत नसेल तेव्हा अंदाजाला फारसा वाव राहत नाही. ते मोजून कळते. नळीऐवजी घशात स्वरयंत्रावर बसवायचा लॅरिंजियल मास्क तोंडातूनच घालायचा असतो, आणि नव्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचे पातेही तोंडातूनच जाते, म्हणून ‘आता कॅमेऱ्याची मशीन आली आहे, काही अडचण नाही’ असे कोणी म्हणाले तर ते या रुग्णाला लागू नाही.

तुमच्या दिरांची सूचना मायेपोटी आलेली आहे, पण तिच्यात एक फसगत आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात. त्याचा दाब श्वासपटलावर येतो, खांद्यात कळ येते, आणि जागा असलेला, वजनदार, घोरणारा माणूस तशा अवस्थेत तासभर शांत पडून राहील याची खात्री देता येत नाही. शिवाय कमरेतल्या इंजेक्शनचा असर अपुरा पडला, जास्त वर चढला किंवा रक्तस्रावामुळे पोट उघडावे लागले, तर मध्येच संपूर्ण भूल द्यावी लागेल. म्हणजे जी नळी आपण सावकाश, तयारीने घालू शकलो असतो तीच धावपळीत घालण्याची वेळ येईल. पाय किंवा हर्निया यांसारख्या शस्त्रक्रियेत कमरेतल्या इंजेक्शनचा विचार मी आनंदाने केला असता, तरीही श्वासमार्गाची योजना तयार ठेवूनच. पुण्याला नेण्याविषयी एवढेच म्हणतो की जागेपणी नळी घालण्याचे तंत्र इंदूरमधल्या मोठ्या रुग्णालयांत चांगले जमते. ज्या भागात सुपारी इतकी खाल्ली जाते तेथल्या भूलतज्ज्ञांच्या हाताला या रुग्णांची सवयही असते.

जागेपणी नळी घालणे हे ऐकायला भयंकर वाटते, म्हणून ते कसे होते ते सांगतो. यजमानांनाही हा भाग वाचायला द्या. आधी लाळ कमी करणारे इंजेक्शन देतात, त्याने तोंड कोरडे पडते. ज्या नाकपुडीतून हवा मोकळी येते ती निवडून तिच्यात रक्तवाहिन्या आकुंचित करणारे थेंब टाकतात. मग बधिर करणारे लिग्नोकेन वाफेतून, फवाऱ्याने आणि नाकात जेलीच्या रूपात देतात. काही डॉक्टर कंठमण्याच्या खाली बारीक सुईने थोडे औषध श्वासनलिकेत सोडतात, तेव्हा क्षणभर जोराचा खोकला येतो आणि तो यायलाच हवा, कारण त्याने औषध सर्वत्र पसरते. चव कडवट असते, घसा जाड झाल्यासारखा, गिळता येत नसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात श्वास चालू असतो. गुंगीचे थोडे औषध देतात, पण बोलावले तर डोळे उघडता यावेत इतपतच. या तयारीला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. घाई केली की बधिरता अर्धवट राहते आणि मग खरा त्रास होतो. त्यानंतर पेन्सिलीपेक्षा बारीक, लवचिक दुर्बीण नाकातून आत जाते, तिच्यावर नळी आधीच ओवलेली असते. डॉक्टर ‘लांब श्वास घ्या’ म्हणतात, स्वरयंत्र उघडते, दुर्बीण पलीकडे सरकते आणि तिच्यावरून नळी. नळी स्वरयंत्रातून गेली की आवाज फुटत नाही. घाबरू नये, हेच ती योग्य जागी गेल्याचे एक लक्षण आहे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यंत्रावर दिसला की खात्री पटते आणि लगेच झोपेचे औषध दिले जाते. या सगळ्यात रुग्णाचा स्वतःचा श्वास एकदाही थांबवलेला नसतो, आणि या पद्धतीचे खरे बळ तेच आहे. नंतर अनेकांना यातले फारसे आठवतही नाही. नाकातून किंचित रक्त येणे आणि दोन-तीन दिवस घसा दुखणे एवढे होऊ शकते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, नाकाचे हाड वाकडे असेल किंवा पूर्वी घोळणा फुटत असेल, तर ते आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

संमतीपत्रातला गळ्याच्या छेदाचा उल्लेख हा शेवटच्या उपायाचा आहे. वरचे सगळे मार्ग बंद झाले तर गळ्याच्या पुढच्या भागातून श्वासनलिकेत थेट वाट करतात. तशी वेळ क्वचितच येते. पण कान-नाक-घसा तज्ज्ञ हजर आहेत आणि संमती हातात आहे, एवढी तयारी असेल तर ती आली तरी निभावते. सही करण्याआधी बाईंना निःसंकोच विचारा की नाकातून जमले नाही तर पुढे काय कराल, त्या वेळी मदतीला कोण असेल, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलून रुग्णाला तसेच जागे ठेवण्याचा पर्याय आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले पाहिजे, कारण तुमच्या यजमानांची शस्त्रक्रिया तातडीची नाही.

उपाशी राहण्याबाबत इंदूरकरांना मी नेहमी जास्त बजावतो. पोटात अन्न असताना घसा बधिर केला किंवा भूल दिली, तर उलटी होऊन अन्न फुप्फुसांत जाऊ शकते. तेलकट, तळलेल्या जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास, असा सर्वसाधारण नियम आहे. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, त्यालाही सहा तास. आदल्या रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन बाराच्या पुढे गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाणे किंवा सकाळी ‘एवढेसे पोहे खाल्ले तर काय होते’ म्हणणे, दोन्ही बंद. जुन्या मधुमेहात जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे तुमच्या यजमानांच्या बाबतीत बाई आणखी वेळ सांगतील तर तोच पाळा. साखर किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन ते घेत असतील तर तेही सांगा, कारण त्यानेही पोट रिकामे व्हायला उशीर लागतो. सकाळी ‘फक्त चघळतो’ म्हणून सुपारीही तोंडात टाकायची नाही. हलणारा दात, कवळी किंवा बसवलेला दात असेल तर आधी दाखवा.

शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना एक लेखी टिपण मागून घ्या : तोंड किती सेंटिमीटर उघडत होते, मास्कने श्वास देणे सोपे होते की अवघड, नळी कोणत्या मार्गाने आणि कितव्या प्रयत्नात गेली, नळीचा आकार काय होता. त्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. उद्या कोठे अपघात झाला आणि अनोळखी गावात, अनोळखी डॉक्टरांसमोर त्यांना तातडीने भूल द्यायची वेळ आली, तर रक्तगटाइतकेच ते टिपण उपयोगी पडेल.

नळी काढण्याचे कामही घालण्याइतकेच जपून करतात. यजमान पूर्ण जागे होऊन, सांगितल्यावर डोळे उघडून, हात घट्ट दाबून दाखवतील तेव्हाच ती काढली जाईल. त्यामुळे ‘इतर रुग्ण बाहेर आले, आमचे अजून का नाही’ म्हणून दाराशी गर्दी करू नये. घशाची बधिरता पूर्ण उतरल्याचे परिचारिकेने सांगेपर्यंत घोटभर पाणीही देऊ नका. पहिल्या रात्री डोक्याकडची बाजू उंच ठेवून झोपवा, पाठीवर सपाट नको. बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र रात्रभर लावून ठेवायला सांगा, आणि दुखते म्हणून झोपेची किंवा गुंगीची जास्तीची औषधे मागू नका, कारण घोरणाऱ्या माणसाचा श्वास त्याच औषधांनी मंदावतो. रात्री सोबत कोणी बसायचे हे दिरांशी बोलून आधीच ठरवा. जो बसेल त्याने घोरणे मध्येच एकदम थांबले तर हाक मारून उठवायचे आणि लगेच परिचारिकेला बोलवायचे.